हाड आणि यू यू

मी कविता लिहिणारा माणूस. रेडिओवाल्यांनी कुत्र्यांच्या एका खेळावर बोलायला बोलावलं, तेव्हा घरात सगळ्यांना हसू आलं. कारण पन्नाशी उलटेपर्यंत कुत्र्याशी माझं बोलणं एकाच शब्दाचं होतं. तो शब्द म्हणजे ‘हाड’.

माझं लहानपण सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलं. आमचं घर हनफी रिवाजाचं, कुत्र्याची लाळ नापाक मानणारं. कपड्याला कुत्र्याचं तोंड लागलं तर अम्मी आधी आम्हाला बोलायची, मग कपडा धुवायला लावायची. गल्लीतल्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा रोज मिळायचा, पण उंबऱ्याबाहेर आणि लांबून. याच घरात मी तहानलेल्या कुत्र्याची हदीसही ऐकली होती. विहिरीत उतरून, मोज्यात पाणी भरून कुत्र्याला पाजणाऱ्या माणसाचे गुन्हे माफ झाले, ती गोष्ट. दोन्ही गोष्टी एका घरात सुखानं नांदत होत्या.

माझी मुलगी इंग्लंडात लेस्टरला असते. २०२१ साली तिनं मुलाच्या हट्टाखातर एका निवाऱ्यातून कुत्री आणली. मी फोनवर सांगून टाकलं, ती घरात आहे तोवर मी तुझ्याकडे येणार नाही. मुलगी गप्प राहिली. मला वाटलं, ऐकेल. तिनं ऐकलं नाही, आणि मीही शब्द फिरवला नाही. अशी दोन वर्षं गेली. नातू सहाचा आठ वर्षांचा झाला. शेवटी आमच्या बेगम म्हणाल्या, ‘‘मी तिकीट काढतेय. तुम्ही बसा तुमच्या गझला घेऊन.’’ २०२३च्या जूनमध्ये मीही मुकाट्यानं विमानात बसलो.

कुत्रीचं नाव टॉफी. बॉर्डर कॉली आणि आणखी कशाकशाची मिसळ. मी घरात पाऊल टाकलं, ती धावत आली आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, ‘‘हाड!’’ तिला मराठी कुठलं कळायला? पण सूर कळला. ती जमिनीला पोट टेकून मागे सरकली. नातवानं माझ्याकडे असं पाहिलं की दोन वर्षांत पहिल्यांदा मला माझी लाज वाटली.

दर रविवारी मुलगी आणि नातू टॉफीला घेऊन शहराबाहेर एका शेतावरच्या गोदामात जायचे. तिथं फ्लायबॉल शिकवतात. एका रविवारी घरी एकट्यानं बसायचा कंटाळा आला म्हणून मीही गेलो.

हा खेळ म्हणजे कुत्र्यांची रिले शर्यत. एका संघात चार कुत्री. समोर ओळीनं चार बुटके अडथळे, पलीकडे एक पेटी. कुत्र्यानं अडथळ्यांवरून उड्या मारत जायचं, पेटीच्या उतरत्या फळीवर पाय मारायचे, की आतल्या स्प्रिंगनं टेनिसचा चेंडू बाहेर उडतो. तो तोंडात पकडून त्याच वाटेनं परत. रेषा ओलांडली की पुढचं कुत्रं सुटतं. शेजारच्या पट्टीत दुसरा संघ. रेषेपासून पहिला अडथळा ६ फुटांवर, मग प्रत्येकी १० फुटांचं अंतर, शेवटच्या अडथळ्यापासून पेटी १५ फुटांवर. म्हणजे एका बाजूनं ५१ फूट. जगातले अव्वल संघ चार कुत्र्यांची ही सगळी ये-जा पंधरा सेकंदांच्या आत उरकतात. अडथळ्यांची उंची संघातल्या सर्वांत बुटक्या कुत्र्यावरून ठरते, त्यामुळे प्रत्येक संघाला एखादं ठेंगणं, चपळ कुत्रं हवंच असतं. आमच्याकडे अशा ठेंगण्याला लिंबूटिंबू म्हणून बाजूला बसवतात!

खेळ जन्मला अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, १९६०-७०च्या दशकांत. चेंडू उडवणारी पेटी हर्बर्ट वॅगनर यांनी केली आणि जॉनी कार्सन यांच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात दाखवली. १९८४मध्ये उत्तर अमेरिकेची संघटना झाली, १९९०मध्ये इंग्लंडातल्या क्रफ्ट्सच्या प्रदर्शनात हा खेळ आला आणि १९९४मध्ये ब्रिटनची संघटना उभी राहिली. जातिवंतपणाची अट नाही. निवाऱ्यातली, बेवारशी, बापाचा पत्ता नसलेली कुत्री इथं शानदार कुत्र्यांच्या बरोबरीनं पळतात.

मला वाटलं होतं, पहिल्या दिवशीच उड्या आणि चेंडू. पण महिनाभर त्यातलं काहीच नाही. शिकवणाऱ्या बाई साठीच्या. त्यांचा पहिला धडा एकच, बोलावलं की येणं. तोही गमतीचा. एकानं कुत्र्याला छातीशी धरून ठेवायचं. मालकानं त्याच्या नाकाशी खेळणं हलवायचं, मग पाठ फिरवून पळत सुटायचं आणि पळता पळता हाक मारायची. कुत्रं सुटायला धडपडतं, मग हात सोडायचा. पोचलं की दोरीच्या खेळण्यावर मनसोक्त रस्सीखेच. मी बाईंना विचारलं, बोलावणाऱ्यानं पाठ का फिरवायची? त्या म्हणाल्या, समोर उभं राहून हात पसरले तर कुत्रं जवळ येता येता वेग कमी करतं. तुम्ही पळत राहिलात तर ते तुम्हाला गाठायला येतं.

त्या दिवशी धरायला माणूस कमी होता. मुलीनं माझ्याकडे पाहिलं, विचारलं मात्र नाही. मी गाडीतले बागकामाचे हातमोजे घातले आणि टॉफीला धरलं. दोन मोज्यांमधून तिचं काळीज धडधडताना लागत होतं. नातू पळाला, हाक आली, मी हात सोडले. ती सुटली तेव्हा मी मागे बसलो तो चिखलातच.

मग पुढचे धडे. आधी शेवटचं शिकवायचं, मग त्याच्या आधीचं, असं उलट्या क्रमानं. रेषेजवळचा एकच अडथळा, त्यावरून उडी मारून मालकाकडे. जमलं की दोन, मग तीन, मग चार. बाजूला जाळ्या, कुत्रं वाट सोडू नये म्हणून. त्यामुळे कुत्रं नेहमी नव्या अडचणीतून ओळखीच्या वाटेवर येतं. गझलेचा शेर मी असाच लिहितो, आधी काफिया-रदीफ ठरवतो, मग वरची ओळ शोधतो. हे मी बाईंना सांगितलं नाही.

सर्वांत वेळ खातं ते पेटीवरचं वळण. अडाणी कुत्रं पेटीवर सरळ आदळतं, थांबतं, चेंडू घेतं आणि वळतं. त्यात वेळ तर जातोच, पण खांदे आणि मनगटं कामातून जातात. म्हणून चेंडू बाजूला ठेवून आधी नुसतं वळण शिकवतात. उतरत्या फळीवर चारही पाय टेकवून, पोहणारा भिंतीला पाय लावून उलटतो तसं झपकन उलटायचं. फळीपुढे एक आडवी पट्टी ठेवतात, म्हणजे कुत्रं वर चढून येतं, छातीनं धडकत नाही. कुत्रं डावं की उजवं हेही पाहतात. चेंडू फेकायचा आणि उचलताना ते आपसूक कुठल्या बाजूनं वळतं ते बघायचं. शाळेत मी खो-खो खेळायचो. खांबाशी कसं वळायचं यावर आमचे सर अख्खा पावसाळा घालवायचे, ते आठवलं. तिथं एक सहा महिन्यांचं पिल्लूही होतं. त्याला उडी मना. हाडं पक्की होईपर्यंत नुसती हाक, रस्सीखेच आणि जमिनीवरची कसरत. तिथल्या नियमांत दीड वर्षाच्या आत स्पर्धा नाही.

माझ्या हातून घोटाळा झाला तो चेंडूच्या धड्यात. टॉफी चेंडू घेऊन यायची आणि रेषेच्या चार पावलं आधी तो टाकून द्यायची, कारण तिला रस्सीची घाई. एका संध्याकाळी घरामागच्या हिरवळीवर मी एकटाच तिला खेळवत होतो. होय, तोवर मी एवढा सुधारलो होतो. तिनं तिसऱ्यांदा चेंडू टाकला आणि मी ओरडलो. तोच शब्द. त्यानंतर तिनं चेंडू तोंडात घेणंच बंद केलं. रविवारी गोदामात चेंडूकडे पाहून ती तोंड फिरवायची. नातू माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. बाईंनी शब्दाचा अर्थ विचारला, मला इंग्रजीत सांगता येईना. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘तिच्या लेखी चेंडू आणला की माणूस चिडतो. आता तुम्हीच पहिल्यापासून सुरू करा.’’

मग मी लागलो. चेंडू गवतात ठेवायचा, तिनं नुसतं पाहिलं तरी शाबासकी, हुंगलं तरी शाबासकी. पाच मिनिटं, बास. तिला आणखी हवं असतानाच थांबायचं, हा तिथला दंडक. कवी संमेलनातल्या काही मंडळींना हा सांगायला हवा. रात्री बेगम विचारायच्या, ‘‘वुजू?’’ मी म्हणायचो, ‘‘पाणी आहे की घरात.’’ सूरे कहफमध्ये गुहेत झोपलेल्या लोकांच्या उंबऱ्याशी पाय पसरून बसलेलं कुत्रं आहे. सूरे मायदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावरांनी धरून आणलेली शिकार हलाल सांगितली आहे. लहानपणापासून ऐकलेलं. त्यातल्या ‘शिकवलेल्या’ या शब्दापाशी मी कधी थांबलोच नव्हतो.

नवव्या की दहाव्या दिवशी तिनं चेंडू उचलला. मी पाठ फिरवून पळालो, गुडघे दुखत होते तरी. आणि हाक कुठली मारावी? इंग्रजी शब्द ऐनवेळी आठवेना. तोंडून निघालं ते गावाकडचं, ‘‘यू यू यू!’’ शेजारची बाई कुंपणावरून पाहू लागली. टॉफी आली, चेंडूसकट. मी मोजे घालायला विसरलो होतो.

ऑगस्टमध्ये आम्ही परत आलो. पुढच्या वर्षी टॉफी पहिल्यांदा स्पर्धेत उतरली. नातवाचा फोन आला. तिसरा अडथळा तिनं चुकवला, वाटेत शेजारच्या संघाच्या कुत्र्याकडे बघत बसली आणि संघ हरला.

‘‘आणि चेंडू?’’ मी विचारलं.

‘‘आणला ना, नाना. रेषेच्या आत.’’

‘‘तू रागावलास तिला?’’

‘‘नाही. रस्सी दिली. आणि आता ती यू यू म्हटल्याशिवाय येत नाही. सगळे हसतात मला.’’

एवढ्यात बेगमनी फोन ओढून घेतला आणि पोरगं जेवलं की नाही, याची चौकशी सुरू झाली.