पोटूशी बाई आणि कामगार विमा
(करवीर तालुक्यातील एका गावी महिला मंडळापुढे केलेले भाषण)



आज आम्ही विम्याची गोष्ट सांगायला आलो आहोत. विमा म्हटले की आपल्याला वाटते, माणूस गेल्यावर पैसे मिळतात तो. तो वेगळा. आजची गोष्ट जित्या माणसाच्या विम्याची आहे. त्याला म्हणतात कामगार विमा. कारखान्यातली माणसे त्याला 'ईएसआय' म्हणतात.

आपल्या भागातून रोज किती माणसे कामाला जातात बघा. कोणी शिरोलीला जातो, कोणी गोकुळ शिरगावला. कोणी कागलच्या वसाहतीत जातो, कोणी इचलकरंजीला. पूर्वी बापयमाणसे जात. आता लेकी-सुनाही जातात.

अशीच एक सून आम्हाला भेटली. शिरोलीच्या एका कारखान्यात ती ऑगस्टात कामाला लागली. तेव्हा तिला तिसरा महिना होता. तिने कोणाला सांगितले नाही. आम्ही विचारले, "का गं, विम्यात नाव घातलंस का?"

ती म्हणाली, "पोटूशी बाईला विमा कोण देतंय ताई? सांगितलं तर कामबी जाईल."

बायांनो, ही समजूत चुकीची आहे. किती चुकीची, ते आधी सांगतो. मग तिचे पुढे काय झाले तेही सांगतो.

हा विमा काय आहे? ज्या कारखान्यात दहा किंवा जास्त माणसे कामाला आहेत, तिथे तो लागू होतो. महिन्याचा पगार २१ हजार रुपयांपर्यंत असला म्हणजे नाव घालावेच लागते. मालकाची मर्जी असो वा नसो. ठेकेदाराकडे काम करणारी बाईही त्यात येते.

वर्गणी किती? पगार १२ हजार असेल, तर बाईच्या पगारातून ९० रुपये कापतात. मालक आपल्या खिशातून ३९० रुपये भरतो. एका महिन्याचे झाले ४८० रुपये. ९० रुपयांत आजकाल काय येते, ते तुम्हीच सांगा.

आता मुख्य गोष्ट. या विम्यात दोन फायदे आहेत. एक औषधपाण्याचा. दुसरा रोख पैशाचा. दोन्हींचे नियम वेगवेगळे आहेत. इथेच लोकांचा घोटाळा होतो.

औषधपाणी कामाच्या पहिल्या दिवसापासून मिळते. आधीपासून दिवस गेलेले असले तरी मिळते. पोटात किती महिन्यांचे बाळ आहे, यावर विमा अडत नाही. तपासणी, औषधे, बाळंतपण, पोट फाडून मूल काढावे लागले तर ते, सारे विम्यात बसते. कोल्हापुरात विम्याचे रुग्णालय आहे.

भावांनो, तुम्हीही ऐका. तुम्ही फौंड्रीत कामाला असाल आणि तुमचे नाव विम्यात असेल, तर तुमच्या बायकोलाही हे औषधपाणी मिळते. ती घरी असो की शेतात. तेव्हा कार्डावर बायकोचे नाव आहे का, ते आजच बघा.

आता रोख पैसा. बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगाराइतके पैसे विम्यातून मिळतात. पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा २६ आठवड्यांची आहे. त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. तिसऱ्या मुलापासून १२ आठवडे. २०१७ सालापूर्वी सगळ्यांनाच १२ आठवडे होते.

पण या पैशाला दिवसांची अट आहे. बाळंतपण जानेवारी ते जूनमध्ये असेल, तर मागच्या सप्टेंबरअखेरचे एक वर्ष बघतात. जुलै ते डिसेंबरमध्ये असेल, तर मागच्या मार्चअखेरचे एक वर्ष बघतात. त्या वर्षात निदान ७० दिवसांची वर्गणी पाहिजे. शिवाय अगदी नव्या माणसाचा रोख लाभ नऊ महिन्यांनी सुरू होतो. म्हणून दिवस गेल्यावर जी बाई पहिल्यांदाच विम्यात येते, तिला त्या खेपेला औषधपाणी मिळते, पण पगार बहुधा मिळत नाही. हे कडू आहे, पण खरे आहे. खोटी आशा लावून आम्ही काय मिळवणार?

आता त्या सुनेकडे येऊ. तिचे बाळंतपण फेब्रुवारीत होणार होते. शिरोलीचे तिचे दिवस सप्टेंबरअखेर सत्तर भरत नव्हते. ती खट्टू झाली. म्हणाली, "म्हंजे मला काय बी न्हाई."

तेव्हा तिची सासू उठली. सासूबाई आमच्या साक्षरता वर्गाला येतात. त्यांनी ट्रंक उघडली, धडप्यात बांधलेले कागद काढले आणि त्यातली एक चिठ्ठी आमच्यापुढे धरली. सून त्याआधी इचलकरंजीला शिवणकामाच्या कारखान्यात होती. नोव्हेंबर ते मे, सात महिने. ती त्या पगाराची चिठ्ठी होती. सासूबाईंनी बोट ठेवून एकेक आकडा वाचला. दहा आकड्यांचा विम्याचा नंबर होता.

शिरोलीत तिला जुना नंबर कोणी विचारला नव्हता. तिनेही सांगितला नव्हता. त्यामुळे नवा नंबर पडला होता आणि कागदावर ती नवी ठरली होती. खरे तर जुने सात महिने तिच्याच कष्टाचे होते. सासू-सून दोघी विम्याच्या कचेरीत गेल्या. दोन खेपा झाल्या, कामाचे दोन खाडे पडले. पण दोन्ही नंबर एक झाले. दिवस सत्तराच्या वर गेले. सहा महिन्यांचा पगार तिच्या बँकेच्या खात्यात आला. सत्तर हजारांच्या घरात रक्कम होती. बाळाला टाकून दीड महिन्यात कामावर पळायची वेळ आली नाही.

बायांनो, हा हक्क आपल्याला कोणी सहज दिलेला नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे यात देशाचे हित आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली तो कायदा झाला. पण तो मुंबई इलाख्याचा. आपले कोल्हापूर तेव्हा वेगळे संस्थान होते. पुढे बाबासाहेब दिल्लीच्या सरकारात मजूर खाते पाहत असताना प्राध्यापक अडारकरांनी १९४४ साली कामगार विम्याची योजना लिहून दिली. त्यावरून १९४८ साली कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत हा विमा सुरू झाला. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत घेतला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

आता कोणी विचारील, "आमचं नाव विम्यात न्हाईच, आम्ही काय करायचं?" सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट होते. आपल्या सीपीआरमध्येही होते. औषधे, जेवण, दवाखान्यात नेण्या-आणण्याची गाडी, यालाही पैसे पडत नाहीत. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेतून पाच हजार रुपये मिळतात. त्याच्या अटी आशाताईंना विचारा. बाजारातली खासगी पॉलिसी घ्यायची असेल, तर बाळंतपणासाठी किती महिने थांबावे लागते ते आधी विचारा. दिवस गेल्यावर घेतलेली पॉलिसी त्या बाळंतपणाला बहुधा उपयोगी पडत नाही.

शेवटी चार गोष्टी गाठीला बांधा.

कामाच्या पहिल्याच दिवशी विचारा, "माझं नाव विम्यात घातलं का?"

पूर्वी कुठे काम केले असेल, तर जुना नंबर सांगा. नवा पाडू देऊ नका.

दर महिन्याला पगाराची चिठ्ठी मागा. वर्गणी कापली का ते वाचा. चिठ्ठी जपून ठेवा.

दिवस गेल्याचे विम्याच्या डॉक्टरला लपवू नका. त्याच्या दाखल्यावरच पैसे मिळतात. आणि बाळंतपणाच्या रजेत मालकाला बाईला कामावरून काढता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

त्या सासूबाई आम्हाला म्हणाल्या, "म्हातारपणी आकडं शिकून काय करायचं, असं मला वाटायचं. आता कळलं." तुम्हीही आज घरी गेल्यावर ट्रंक उघडा. कागद बाहेर काढा. नंबर वाचा. वाचता येते ना आता?