निमाडची बेटे : थोड्या पैशांची मौज आणि बऱ्याच पैशांची



बेटावर सुटी घालवावयाची असे कोणी म्हटले, की आमच्या बऱ्हाणपूरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर अंदमान उभे राहते आणि त्याच्या पाठोपाठ विमानाच्या तिकिटाचा आकडा. समुद्र आम्हांला लांब. तापी आमच्या राजघाटाखालून वाहत जाते खरी, पण ती सुरतेपलीकडे सागराला मिळेपर्यंत तिच्याबरोबर चालत जाणार कोण? तेव्हा बेट ही चित्रात पाहावयाची वस्तू, असे आपण धरून चालतो. वस्तुतः आगगाडीने खांडवा गाठावे, तेथून बस धरावी, आणि दुपारच्या आत चहूंकडे पाणी असलेल्या जमिनीवर पाय ठेवावा, इतकी ही गोष्ट जवळची आहे. खांडव्याहून एक वाट ओंकारेश्वरला जाते. तेथील मांधाता बेट नर्मदेने स्वतः घडविले आहे. दुसरी वाट मुंदीवरून हनुवंतियाला जाते. तेथील बेटे माणसाने धरण बांधून घडविली. पहिल्या ठिकाणी खिसा हलका असला तरी चालते. दुसऱ्या ठिकाणी पैसे खर्च करावयाच्या सोयी पुष्कळ आहेत. या दोहोंविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

पाण्याकाठी मौज करावी आणि तिच्यावर सढळ हाताने खर्च करावा, ही आमच्या मुलखाला नवी गोष्ट नव्हे. बऱ्हाणपूरपासून वीसएक किलोमीटरांवर उतावळी नदीच्या दोन्ही काठांवर शहाजहानच्या काळातले दोन महाल समोरासमोर उभे आहेत आणि मधल्या बंधाऱ्यावरून पावसाळ्यात पाणी कोसळते. एका काळी राजघराण्याखेरीज कोणाला ते दृश्य लाभत नसे. आज महाल गुराड्याला जाणारा कोणीही वाटखर्चात ते पाहून येतो. मौजेची किंमत काळाप्रमाणे अशी बदलते.

प्रथम स्वस्त बेटाकडे वळू. ओंकारेश्वरला नर्मदेच्या दोन धारा होतात. दक्षिणेकडून तिचा मुख्य प्रवाह जातो आणि उत्तरेकडून जी धार बेटाला वळसा घालते तिला तेथे कावेरी म्हणतात. ही दक्षिण भारतातली मोठी कावेरी नव्हे. याच परिसरातल्या एका लहान नदीचे ते नाव आहे. दोन्ही धारा बेटाच्या पश्चिम टोकाला पुन्हा मिळतात. पुलावरून चालत गेलात तर बेटावर जाण्यास काही पडत नाही. नावेतून जावयाचे असेल तर नावाड्याशी दर आधी ठरवावा, आणि नाव भरण्याची वाट पाहण्याची तयारी असली तर तो दर निम्म्याहूनही खाली येतो.

बहुतेक लोक ज्योतिर्लिंगाचे दर्शन घेऊन तेथूनच परत फिरतात. मला ते पटत नाही. बेटाभोवती सुमारे सात किलोमीटरांची परिक्रमेची वाट आहे. श्रद्धेने चालणारे तिच्यावर असतात आणि नुसते पाहावयास आलेलेही असतात. वाट कोणालाच अडवीत नाही. सकाळी सातला निघालात तर उन्हाच्या आधी परत येता. वाटेत संगमाचा गोट्यांचा काठ लागतो, पडक्या वेशी लागतात, गौरी सोमनाथाचे मंदिर लागते, आणि सिद्धनाथाच्या जुन्या मंदिराच्या जोत्यावर कोरलेले हत्ती लागतात. मुले एरवी देवळाच्या कोरीव कामाकडे पाहत नाहीत. हे हत्ती मात्र ती एकामागून एक मोजतात, आणि कोणाच्या सोंडेखाली माणूस चिरडला जात आहे ते एकमेकांना दाखवितात. डोंगरावर २०२३ च्या सप्टेंबरात अनावरण झालेला आदि शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळा आहे. वरून पाहिले म्हणजे पूर्वेला ओंकारेश्वरचे धरण आणि खाली बेटाची कड एकदम दिसते. वानरांपासून खाण्याची पिशवी सांभाळणे, एवढाच काय तो या फेरफटक्यातला धोका.

दुसरा धोका पाण्यात आहे, आणि तो थट्टेवारी नेण्याजोगा नाही. नर्मदेचे पाणी आता धरणांच्या दारांमागे असते. वीजनिर्मितीसाठी ते सोडले, की वरवर शांत दिसणारे पात्र थोड्या वेळात चढते. ७ एप्रिल २००५ च्या रात्री देवास जिल्ह्यातील धाराजी येथे अमावास्येच्या स्नानासाठी हजारो लोक पात्रात जमले होते. वरच्या इंदिरा सागर धरणातून सोडलेले पाणी अचानक आले आणि साठांहून अधिक माणसे वाहून गेली. म्हणून आंघोळ करावयाची ती बांधलेल्या घाटावर, साखळीच्या आत. पात्रातल्या खडकावर जाऊन फोटो काढण्याची हौस कोणी करू नये. भोंगा वाजला तर कपडे, चपला काही न शोधता वर यावे. हे मी वर्गात ज्या आवाजात सांगतो, त्याच आवाजात येथेही सांगतो.

आता हनुवंतिया. भूगोलाच्या उत्तरपत्रिकेत कोणी त्याला बेट म्हटले तर गुण कापावे लागतील, कारण त्याच्या तीन बाजूंना पाणी आहे आणि चौथ्या बाजूने चांगला डांबरी रस्ता येतो. ते द्वीपकल्पच म्हणावयाचे. खरी बेटे तेथून होडीने गेल्यावर लागतात. इंदिरा सागर जलाशय पूर्ण भरला म्हणजे नऊशे तेरा चौरस किलोमीटर पसरतो. बृहन्मुंबईच्या सुमारे दीडपट एवढे हे क्षेत्र झाले. साठ्याच्या दृष्टीने देशात याहून मोठा जलाशय नाही. समोरचा काठ दिसत नाही, वाऱ्याने लाटा येतात, आणि ज्याने समुद्र पाहिलेला नाही त्या आमच्या निमाडी मुलाला समुद्र काय असतो याची कल्पना येथे येते. फक्त पाणी गोड.

२०१६ च्या फेब्रुवारीत राज्याच्या पर्यटन खात्याने येथे पहिला जल महोत्सव भरविला, आणि तेव्हापासून हनुवंतियाचे नाव बाहेर पसरले. महोत्सवाच्या दिवसांत काठावर तंबूंचे गाव उठते. हे तंबू आपल्या छावणीतले नव्हेत. त्यांत पलंग असतात, गालिचे असतात, न्हाणीघर असते. याखेरीज पर्यटन खात्याची बारमाही कुटीरे आहेत. पाण्यावर क्रूझ आहे, वेगाच्या होड्या आहेत, जेट स्की म्हणजे पाण्यावरची मोटारसायकल आहे. पॅरासेलिंगमध्ये होडीला बांधलेल्या छत्रीबरोबर माणूस वर उचलला जातो. हंगामात तापलेल्या हवेचा फुगाही उडतो. तो सकाळी किंवा सायंकाळी उडवितात, कारण त्या वेळी वारा पडलेला असतो.

यांपैकी कशावर पैसे टाकावे? माझा हिशेब साधा आहे : मिनिटाला किती पडले, आणि पैशाशिवाय ते मिळाले असते काय. जेट स्की पाचसात मिनिटांत संपते, आणि तेवढ्या वेळात आपल्याला आवाजाखेरीज फारसे काही कळत नाही. पॅरासेलिंगही तितकेच थोडे, पण वरून पाण्याचा विस्तार दिसतो. तो दुसऱ्या कशाने दिसत नाही. आयुष्यात एकदा करावयास हरकत नाही. दोरीने बांधलेला फुगा वर जाऊन जागच्या जागी खाली येतो. त्याचे तिकीट मला जड वाटते. मात्र दहाबारा जणांनी मिळून तासाभरासाठी एक मोटारबोट ठरविली आणि एखाद्या निर्मनुष्य बेटावर उतरून परत आलात, तर माणशी पडणारी रक्कम बेताची आणि मिळणारा आनंद सर्वांत मोठा. कुटीरात एक रात्र काढणे हा दुसरा योग्य खर्च, कारण दिवसा येऊन सायंकाळी परतणाऱ्याला येथील सूर्यास्त आणि पहाट दोन्ही मिळत नाहीत. क्रूझवरचे जेवण मात्र घरच्या दशम्यांपेक्षा चांगले लागते असे कोणी शपथेवर सांगितले, तरच मी त्यावर पैसे खर्चीन.

फुकटच्या गोष्टीही तेथे भरपूर आहेत. हिवाळ्यात पहाटे काठाने चालत गेले की पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या झाडांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात. रात्री तंबूंच्या दिव्यांपासून दोनशे पावले दूर गेले, की आकाश एकदम खाली आल्यासारखे वाटते. डिसेंबरात मृग, रोहिणी आणि कृत्तिका ही नक्षत्रे मी मुलांना फळ्यावर खडूने अनेक वर्षे दाखवीत आलो. तेथे बोटाने दाखविली, तेव्हा मागच्या बाकावरच्यांनाही ती कळली.

येथेच एक दृश्य सांगितले पाहिजे. हनुवंतियाच्या धक्क्यावर मी एकदा एका शाळेची सहल पाहिली. चाळीसएक मुले होती. गुरुजींनी सांगितले, ज्यांनी पैसे आणले असतील त्यांनी वेगाच्या होडीसाठी रांग लावावी. पंधरासोळा मुले रांगेत गेली. उरलेली कठड्याला रेलून उभी राहिली, आणि मित्र होडीतून ओरडत गेले तेव्हा त्यांनी हात हलविले. एक मुलगा मात्र पाण्याकडे पाठ करून चणे खात बसला. गुरुजींचा हेतू वाईट नव्हता. प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे मौज करावी, एवढेच त्यांच्या मनात असावे. परंतु बारा वर्षांच्या मुलाला ऐपत हा शब्द शिकविण्यासाठी त्याला शंभर किलोमीटर दूर आणण्याची गरज नसते. तो त्याला घरी रोज शिकावयास मिळतो. सहलीची वर्गणी आधीच ठरवावी, तीत एका होडीचा खर्च धरावा, आणि होडीत बसावयाचे तर सर्वांनी, नाही तर कोणीच नाही. ज्यांना वर्गणी जड जाते त्यांच्यासाठी शिक्षकांनी व पालकांनी न बोलता तजवीज करावी. नातेवाइकांच्या मोठ्या गोतावळ्यालाही हेच लागू आहे. दोन भावांची मुले एकत्र गेली आणि एकाचीच वर उडाली, तर परतीच्या गाडीत ते जाणवते.

आणि त्या होडीतून जाताना आपण कशावरून जात आहोत हेही मुलांना सांगावे. ही बेटे म्हणजे पूर्वीच्या टेकड्यांचे माथे आहेत. टेकड्यांच्या खाली शेते होती, वाड्या होत्या, आणि हरसूद नावाचे भरलेले बाजाराचे गाव होते. पुनासाजवळच्या या धरणाची कोनशिला २३ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते बसली. २८ सप्टेंबर १९८९ ला हरसूदमध्येच धरणांच्या विरोधात हजारो लोक जमले. बाबा आमटे आणि मेधा पाटकर त्यांत होते. तरीही २००४ च्या जून अखेरीस हरसूद रिकामे करावे लागले. लोकांनी आपल्याच हातांनी घरांच्या भिंती पाडल्या, दारे-चौकटी आणि विटा गाड्यांवर घातल्या आणि ते छनेरा येथील नव्या वसाहतीकडे निघाले. खांडव्याहून इटारसीला जाणारा लोहमार्गसुद्धा उचलून दुसरीकडून न्यावा लागला. आमच्यापैकी चाळिशी ओलांडलेल्या कित्येकांनी जुन्या मार्गावरचे हरसूद स्टेशन गाडीच्या खिडकीतून पाहिलेले आहे. धरणाने हजार मेगावॉट विजेची सोय केली, शेतांना पाणी दिले. ते खोटे नाही. पण क्रूझवरून सूर्यास्त पाहणाऱ्याने जे तिकीट काढले, त्याहून पुष्कळ मोठी रक्कम त्या सूर्यास्तासाठी दुसऱ्या कोणीतरी आधीच भरलेली आहे. मुले हे ऐकताना कंटाळत नाहीत. उलट, शाळा कुठे होती, बाजार कुठे भरत असे, असे प्रश्न ती होडीवाल्याला विचारू लागतात, आणि होडीवाला त्याच भागातला असला तर तो मशीन बंद करून हाताने दिशा दाखवितो.

कोणत्या महिन्यात जावे, हेही पाण्यावरच अवलंबून आहे. जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून २६२.१३ मीटर आहे आणि वीजनिर्मितीसाठी ती २४३.२३ मीटरपर्यंत उतरविता येते. म्हणजे जवळजवळ एकोणीस मीटरांचा, सहा मजली इमारतीएवढा फरक पडू शकतो. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत पाणी भरलेले असते, हवा थंड असते, बेटे बेटांसारखी दिसतात. शनिवार-रविवार टाळले तर राहण्याचा खर्चही कमी पडतो आणि गर्दीही. बरोबर दशम्या, ठेचा, आपल्याकडची केळी आणि थोडा दराबा घ्यावा. दराबा दोन दिवस टिकतो. होडीत बसताना लाइफ जॅकेट मागून घ्यावे आणि त्याचे पट्टे स्वतः ओढून पाहावे. ज्या होडीवाल्याकडे सर्वांना पुरतील इतकी जॅकेटे नाहीत, त्याच्या होडीत, तो कितीही स्वस्त नेत असला, तरी बसू नये.

एप्रिल-मेमध्ये तेथे जाण्याचे मी एरवी सुचविणार नाही. ऊन फार असते आणि काठावर चिखलाच्या भेगाळलेल्या पायऱ्या तेवढ्या उरतात. परंतु त्या दिवसांत पाणी उतरले म्हणजे काही बेटे पुन्हा टेकड्या होतात आणि जमिनीला येऊन मिळतात. जुन्या हरसूदचे पडके अवशेष उघडे पडतात. तेव्हा छनेऱ्याहून आणि इतर ठिकाणांहून तेथले जुने रहिवासी येतात, आपल्या घराचे जोते शोधून काढतात, त्याच्याभोवती थोडा वेळ बसतात आणि नातवंडांना स्वयंपाकघर कोठे होते ते दाखवितात.