तलफ आणि नियत
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात धूम्रपान सोडण्याविषयी दोन शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली. मी डॉक्टर नाही, वाज करणारा मौलवीही नाही. वर्गात शिकवणारा एक शिक्षक आहे. म्हणून उपदेश बाजूला ठेवतो आणि शिक्षकाच्या सवयीप्रमाणे एक प्रश्न आपल्यापुढे मांडतो.

आपल्या जालन्याच्या मोंढ्यात पोती उचलणारा हमाल घ्या, स्टीलच्या कारखान्यात पाळी करणारा कामगार घ्या, नाहीतर अंबड-भोकरदनच्या रस्त्यावर ट्रक चालवणारा ड्रायव्हर घ्या. एरवी त्याला तासाला विडी लागते. “विडी ओढल्याशिवाय हातच चालत नाही,” असे तो शपथेवर सांगतो. हाच माणूस रमजानचा चाँद दिसला की पहाटे सेहरी करतो आणि मगरिबची अजान होईपर्यंत विडीला हात लावत नाही. बारा-चौदा तास! पोती तीच, भट्टी तीच, रस्ता तोच. पोटात अन्न नाही, घशात पाण्याचा थेंब नाही. तरी हात चालतात. मग माझा प्रश्न असा की, एरवी तासाभरात बेजार करणारी ती तलफ गेली कोठे?

थोडा हिशेब करू. विडीतले व्यसन लावणारे द्रव्य म्हणजे निकोटीन. रक्तातले निकोटीन सुमारे दोन तासांत निम्मे होते. पहाटे पाच वाजता शेवटची विडी ओढली, तर दुपारी एकला, म्हणजे जोहरच्या वेळेपर्यंत, ते सोळाव्या हिश्शावर येते. तलफ केवळ रक्तातून येत असती, तर जोहरनंतर रोजेदाराला उभे राहणेही कठीण झाले असते. कोणाचे डोके दुखते, कोणाची चिडचिड होते, हे खरे. पण तो तग धरतो. तलफ खरी उसळते ती केव्हा? इफ्तारला अर्धा तास उरला की!

ही माझीच कल्पना आहे असे समजू नका. धार्मिक ज्यू लोक शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शनिवारी, आग पेटवीत नाहीत. अर्थात सिगारेटही नाही. त्यांच्यातील धूम्रपान करणाऱ्यांचा अभ्यास इस्रायलच्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केला. शब्बाथच्या सकाळी त्यांची तलफ अगदी कमी होती, आणि शब्बाथ संपण्याची वेळ जवळ येईल तशी ती वाढत गेली. पुढे २०१० साली विमानात काम करणाऱ्या, धूम्रपानाची सवय असलेल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला. विमानात सिगारेट ओढण्यास बंदी असते. तीन ते साडेपाच तासांचा प्रवास संपताना त्यांना जोराची तलफ आली. पण दहा-तेरा तासांच्या प्रवासात तेवढेच तास उलटले असताना ती तशी आली नाही, कारण उतरायला अजून अवकाश होता. तात्पर्य, तलफ किती वाढेल हे शेवटच्या विडीला किती वेळ झाला यापेक्षा पुढची विडी किती जवळ आहे यावर अधिक अवलंबून असते.

आता रोजाची चावी आपल्या हाती आली. रोजा नियतने सुरू होतो. एकदा नियत केली की ‘ओढू की नको’ हा प्रश्नच दिवसभरासाठी निकालात निघतो. उलट, विडी सोडायला निघालेला माणूस म्हणतो, “प्रयत्न चालू आहे, बघू.” हे ‘बघू’ म्हणजे उघडे ठेवलेले दार. दिवसातून वीस वेळा तोच झगडा, आणि विसाव्या वेळी मन हरते. आपल्या शेजारचे वारकरी बांधव पाहा. गळ्यात तुळशीची माळ पडली की तो मनुष्य ‘मांसाहार सोडण्याचा प्रयत्न करतो आहे’ असे म्हणत नाही. ‘मी माळकरी आहे’ एवढेच म्हणतो. लोकही मग त्याला आग्रह करीत नाहीत. ‘मी विडी सोडतो आहे’ आणि ‘मी विडी ओढत नाही’ या दोन वाक्यांत हाच फरक आहे.

दुसरी गोष्ट. विडीपासून काहीतरी मिळते, ही समजूत मनातून काढली पाहिजे. झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोहोचते. ते उतरू लागले की बेचैनी येते. पुढची विडी ती बेचैनी शमवते आणि आपण म्हणतो, “वा! आराम पडला.” वस्तुतः ही सावकारी आहे. त्याचेच कर्ज फेडायला त्याच्याकडूनच नवे कर्ज काढायचे आणि वर त्याला उपकारकर्ता म्हणायचे! विडी न ओढणाऱ्याला तो आराम दिवसभर फुकट असतो. ॲलन कार नावाचा एक इंग्रज हिशेबनीस होता. दिवसाला शंभर सिगारेटींपर्यंत त्याची मजल गेली होती. १९८३ साली त्याने सिगारेट सोडली आणि दोन वर्षांनी पुस्तक लिहिले. सोडणाऱ्याचे काहीच जात नाही, असे त्याचे सांगणे होते. पण २००६ साली तो फुफ्फुसाच्या कर्करोगानेच गेला. सुटका होऊनही आधीच्या वर्षांची किंमत मोजावी लागू शकते. म्हणून उशीर नको.

तथापि उशीर झाला म्हणून निराशही होऊ नका. इंग्लंडमध्ये १९५१ पासून पन्नास वर्षे हजारो डॉक्टरांच्या आरोग्याची नोंद ठेवली गेली. धूम्रपान करीत राहणाऱ्यांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी त्यातील तीन वर्षे वाचवली, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी जवळजवळ सर्व दहा. सभेत बसलेल्या प्रत्येक अब्बाजानने आपले वय मनात धरावे आणि हिशेब करावा.

काही जण म्हणतात, “विडी सौम्य, सिगारेट वाईट.” हा भ्रम आहे. विडी लवकर विझते म्हणून झुरके अधिक आणि जोराने घ्यावे लागतात. काही जण विडी सोडतात आणि चुना-तंबाखू मळतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील शंभर प्रौढांपैकी सुमारे चार जण धूम्रपान करणारे, तर सुमारे चोवीस जण तंबाखू तोंडात धरणारे आढळले. एका सावकाराकडून दुसऱ्याकडे गेल्याने कर्ज फिटत नाही. माजी उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील यांना २०१५ साली तोंडाच्या कर्करोगाने नेले. शरद पवार यांच्यावर २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, आणि तंबाखूच्या सवयीची खंत त्यांनी जाहीरपणे सांगितली आहे.

मग करायचे काय? इफ्तारनंतर पहिला झुरका घेतला की दिवसभराची कमाई धुरात जाते. म्हणून एके दिवशी नियत इफ्तारच्या पुढे न्या. बंडल फेकून द्या, काडेपेटी घरात देऊन टाका. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात. दोन ते चार आठवड्यांत शरीर बहुतांशी शांत होते. तलफेची लाट काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यात पाणी प्या, वुजू करा, चार पावले चाला. टपरीवरून जाणारा रस्ता बदला. ‘फक्त एकच’ म्हणणाऱ्या दोस्ताला सलाम करून पुढे व्हा. आणि घसरलात तर? एक रोजा चुकला म्हणून आपण सारा रमजान सोडतो काय? कजा अदा करतो. तसेच येथेही. नुसत्या निश्चयाने भागत नसेल तर डॉक्टरांकडे जा, १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर फोन करा. औषध घेण्यात कमीपणा नाही.

पालकांना एक विनंती. मुलाला विडी आणायला टपरीवर पाठवू नका. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण आपणच त्याला हाती पैसे देऊन धाडले, तर कायद्याने काय करावे? रोज वीस रुपये धुरात गेले तरी वर्षाला ७३०० रुपये होतात. त्यात मुलीची वह्या-पुस्तके आणि कपडे येतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही अब्बांना टोचून बोलू नका. व्यसनी माणूस आधीच मनातून शरमलेला असतो. सेहरीच्या वेळी त्यांच्याजवळ बसा आणि अदबीने एवढेच विचारा, “अब्बा, बारा-चौदा तास आपण विडीशिवाय राहता, मग आजची नियत इफ्तारच्या पुढे ठेवाल का?” बाजारातल्या कोणाच्याही सांगण्यापेक्षा हा प्रश्न त्यांच्या काळजाला अधिक भिडेल. आणि तुमच्यापैकी ज्यांनी अजून पहिली विडी पेटवली नाही, त्यांना सोडण्याचे कष्टच नाहीत. ती दौलत सांभाळा.