सात वाजताची रामरक्षा

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला पाच मिनिटं दिली आहेत आणि सेक्रेटरी घड्याळ घेऊन समोरच बसलेत. एजीएममध्ये मी किती बोलतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. आज तसं नाही करणार.

गोष्ट एप्रिल २०२१ ची. माझ्या खालच्या फ्लॅटमधले काका कोविडने हॉस्पिटलात होते. आमचं आणि त्यांचं दोन वर्षं बोलणं बंद होतं, कारण लीकेज. माझ्या बाथरूमचं पाणी त्यांच्या छतातून झिरपायचं, आणि मी म्हणायचो, पाइप सोसायटीचा आहे. त्यांनी कमिटीला पत्रं लिहिली, मी उत्तरं लिहिली. असो.

एका संध्याकाळी काकूंचा फोन आला. म्हणाल्या, "तुमची रामरक्षा रोज डक्टमधून खाली ऐकू येते. मी एकटी म्हणायला बसले की मध्येच तुटते. आज जरा माझ्याबरोबर म्हणाल का?"

पाण्याबरोबर माझा आवाजही खाली झिरपत होता, हे मला तेव्हा कळलं.

कोणाच्या घरात जायची सोय नव्हती. त्या त्यांच्या दारात खुर्ची घेऊन बसल्या, मी जिन्यात वरच्या पायरीवर, तोंडाला मास्क. रामरक्षा लहानपणापासून पाठ, म्हणजे तोंडाने म्हणायची आणि डोक्यात गॅसचं बिल. त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकली. त्यात डोक्यापासून पायांपर्यंत एकेका अवयवाचं रक्षण मागितलंय. डोळे, कान, नाक, कंठ... हृदयाशी आलो की काकूंचा आवाज अडकायचा. मग मी एकट्याने पुढे न्यायचो, दोन ओळींनी त्या परत येऊन मिळायच्या.

दुसऱ्या दिवशी समोरच्या वहिनी दार उघडून बसल्या. तळमजल्यावरच्या आंटी रोझरी घेऊन खालच्या पायरीवर यायच्या. त्यांचं त्या मनात म्हणायच्या.

एक चूक माझ्याकडून झाली, ती आज सांगतो. रोज उठताना मी म्हणायचो, "काका येणार घरी, बघा तुम्ही." मला कोणी अधिकार दिला होता तसं सांगायचा? बाराव्या दिवशी काका गेले. अंत्यविधीला वीस माणसांची परवानगी होती, गेलो चौघं.

काकूंनी मला त्या वाक्याबद्दल आजवर कधी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी सात वाजता खालचं दार उघडल्याचा आवाज आला. धावत गेलो, तर त्या खुर्ची घेऊन बसलेल्या. मी वेड्यासारखं विचारलं, "काकू, आज कशाला?"

म्हणाल्या, "बी विंगमधले ते अजून व्हेंटिलेटरवर आहेत ना. बसा."

ते घरी आले. मघाशी माइक लावून देत होते ते तेच. काकूही आल्यात, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, आणि मी हे सगळं बोलणार आहे हे त्यांना सांगूनच उभा राहिलोय.

लीकेज मी त्याच दिवाळीत काढलं. प्लंबर म्हणाला, पाइप माझाच होता. काकांना एवढं सांगायचं राहिलं.

रामरक्षा अजून चालू आहे. सात वाजता, दुसरा मजला. दार उघडंच असतं, चपला तेवढ्या बाहेर काढा.