आधी खाट, मग खटला

प्रस्तुत वक्त्याची तीस-बत्तीस वर्षे ग्राहक मंच आणि जिल्हा न्यायालय यांच्या पायऱ्या चढण्या-उतरण्यात गेली असल्यामुळे विधी शाखेच्या आजच्या स्नातकांपुढील या भाषणाचा विषयही तेथूनच आला आहे : डॉक्टरने उपचार मध्येच सोडले, तर रुग्णाला कायद्याचा आधार कोठे मिळतो?

कोणता रुग्ण स्वीकारावा हे ठरवण्याचे स्वातंत्र्य डॉक्टरला आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. तत्कालीन भारतीय आयुर्विज्ञान परिषदेचे २००२ चे आचारविषयक विनियम, म्हणजे कायद्याने दिलेल्या अधिकारात परिषदेने केलेले बंधनकारक नियम, हे स्वातंत्र्य देतात. मात्र तातडीच्या प्रसंगी मदतीला धावून जाण्याची आणि एकदा स्वीकारलेल्या रुग्णाकडे दुर्लक्ष न करण्याची अपेक्षाही ठेवतात, आणि रुग्णाला व कुटुंबाला पुरेशी पूर्वसूचना दिल्याशिवाय उपचारातून अंग काढून घेऊ नये असे स्पष्ट सांगतात. अशा सूचनेवाचून रुग्णाला वाऱ्यावर सोडणे म्हणजे परित्याग होय. ‘पुरेशी’ म्हणजे किती दिवस हे विनियमात लिहिलेले नाही. दुसरा डॉक्टर गाठता येईल इतका अवधी, हाच त्या शब्दाचा समंजस अर्थ होय. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे विनियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले, म्हणून २००२ चेच विनियम आधाराला घ्यावे लागतात. आजार आपल्या विषयाबाहेरचा असणे किंवा नातेवाइकांनी हात उगारणे, ही डॉक्टरची कारणे खरी असू शकतात, आणि हात उगारणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदाही आहे. तथापि कारण खरे असले तरी रुग्णाची पुढची सोय लागेपर्यंत जबाबदारी संपत नाही.

तातडीच्या प्रसंगी तर निवडीला जागाच उरत नाही. परमानंद कटारा खटल्यात, गाडीची धडक बसलेल्या एका स्कूटरस्वाराला वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे धाडण्यात आले आणि तो वाटेतच गेला, या वृत्तावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये असे ठरवले की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य असून पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. १९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यातील जखमी मनुष्य रेल्वेतून पडला होता. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवले, कोठे खाट नव्हती तर कोठे सोय नव्हती, आणि न्यायालयाने संविधानाच्या कलम २१ खाली, म्हणजे जीविताच्या हक्काखाली, त्याला २५,००० रुपये भरपाई दिली.

या निवाड्यांनी, आणि वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणणाऱ्या १९९५ च्या शांता निवाड्याने, त्या पिढीतील वकिलांना विलक्षण बळ दिले. त्याच भरात २००४ च्या पावसाळ्यात प्रस्तुत वक्त्याकडे एक बाई आली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागणाऱ्या तिच्या नवऱ्याला, मागचे बिल थकले म्हणून, एका रुग्णालयाने “दुसरीकडे न्या” असे सांगितले होते, आणि ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णाला नेत आहोत’ अशा इंग्रजी मजकुराखाली तिचा अंगठा घेतला होता. दुपारभर भरपाईचा आकडा आणि नोटिशीची भाषा यांचा खल चालला असता ती मध्येच म्हणाली, “साहेब, उद्याच्या डायलिसिसचं काय?” या प्रश्नाचे उत्तर त्या कार्यालयात कोणाकडेही नव्हते. दुसऱ्या केंद्राला मशीनवर घेण्यापूर्वी काविळीचे आणि एचआयव्हीचे जुने अहवाल हवे होते, आणि ते पहिल्या रुग्णालयाच्या फायलीत पडून होते. ते मागणारे दोन ओळींचे पत्र लिहिण्याचे कोणालाही सुचले नव्हते. चार दिवस गेले, रुग्णाच्या फुफ्फुसांत पाणी साचले, आणि तो वाचला तो केवळ एका सरकारी डॉक्टरने रात्री मशीन सुरू केले म्हणून. दावा साडेपाच वर्षांनी जिंकला गेला, पण त्या बाईचा प्रश्न आजही पाठ सोडत नाही.

म्हणून उपायांचा क्रम उलटता कामा नये. पहिला उपाय कागदांचा : मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाची कागदपत्रे देणे २००२ च्या विनियमांनुसार बंधनकारक आहे, म्हणून लेखी मागणी करून पोच घ्यावी. दुसरा उपाय खाटेचा : महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी दहा टक्के सवलतीत राखीव आहेत, आणि तेथे तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागता येत नाही, नकार मिळाल्यास धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते. सरकारी रुग्णालयाने नाकारल्यास कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका, म्हणजे शासनाला कर्तव्य करण्याचा आदेश मागणारा अर्ज, करता येते. एखाद्या विशिष्ट खासगी डॉक्टरनेच उपचार करावेत असा हुकूम मात्र सहसा मिळत नाही, कारण व्यक्तिगत कौशल्यावर अवलंबून असलेला करार न्यायालय सक्तीने पाळायला लावत नाही. खाट मिळाल्यानंतर राज्य वैद्यकीय परिषदेकडे तक्रार आणि दोन वर्षांच्या मुदतीत ग्राहक आयोगाकडे दावा; फौजदारी फिर्याद सर्वांत शेवटी, आणि तीही निष्काळजीपणा घोर असेल तरच.

वकिलीच्या धंद्याविषयीची खंत येथे सांगितलीच पाहिजे. पक्षकार दारात येताच कोटीचा आकडा टाकून नोटीस धाडणे म्हणजेच वकिली, अशी समजूत रूढ झाली आहे. त्या नोटिशीने रुग्णालय सावध होते, डॉक्टर बोलणे बंद करतो आणि रुग्ण मधल्या मध्ये अडकतो. दुसरीकडे राज्य परिषदेने सहा महिन्यांत निर्णय द्यावा हा नियम असूनही प्रकरणे रेंगाळतात. आणि २०१९ च्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग कायद्याने परिषदेच्या निर्णयाविरुद्ध अपील करण्याचा हक्क डॉक्टरला दिला, रुग्णाचा त्या कलमात उल्लेखही नाही. हा अन्याय आहे, आणि तो दूर करण्यासाठी झगडणे आजच्या स्नातकांच्या पिढीचे काम आहे.

परंतु ते काम उद्याचे आहे. सनद हाती आल्यावर असा पहिला पक्षकार येईल, तेव्हा भरपाईचा कागद बाजूला ठेवून रुग्ण या क्षणी कोठे आहे आणि त्याचा पुढचा उपचार केव्हा आहे, हे आधी विचारावे. आधी खाट, मग खटला. हा क्रम कोणीही मोडू नये, एवढेच कळकळीचे मागणे.