मेळघाटात सायकलने जाताना

श्रोतेहो, मध्यंतरी पुण्याच्या चार तरुणांनी मला फोन केला. "सर, मेळघाटात सायकलने यायचंय, रूट सांगा." माझा नंबर त्यांना कुणी दिला ठाऊक नाही. मी कविता लिहितो, आणि कवीला रस्ता विचारण्याची रीत आपल्याकडे नाही. पण परतवाड्यात माझ्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हा या बाबतीत बोलायचा थोडा हक्क मला पोचतो. त्या मुलांना फोनवर सांगितलं ते, आणि सांगायचं राहून गेलं ते, आज सांगतो.

परतवाडा म्हणजे वऱ्हाडच्या सपाटीचं शेवटचं गाव. शेजारचं अचलपूर जुनं, इमादशाहीच्या राजधानीचं. परतवाडा त्या मानाने अलीकडचं, इंग्रजांच्या छावणीभोवती वाढलेलं. उत्तरेला तोंड करून उभं राहिलं की गाविलगडची रांग भिंतीसारखी समोर येते. अब्बांचं दुकान त्या भिंतीच्या पायथ्याशी, त्यामुळे दोन जगांच्या सायकली तिथे यायच्या. अब्बा सायकल बघून माणूस कुठला ते सांगत. सपाटीवरच्या सायकलचं सीट आणि पेडल झिजलेलं असे. डोंगरातून उतरलेल्या सायकलचे ब्रेकचे रबर संपलेले असत, आणि मालकाच्या चपलेचे तळवेही.

आता रस्ते. मेळघाटात सायकलने शिरायचे परतवाड्याहून दोन सरळ मार्ग आहेत. पहिला धामणगाव गढी, मोथा करत चिखलदऱ्याला. अंतर तीसेक किलोमीटर, पण त्यात सातशे मीटरच्या वर चढाई. चिखलदरा १,११८ मीटर उंचीवर आहे. धामणगाव गढीपर्यंत माणूस गाणी म्हणत जातो, पुढे गाणं थांबतं. गिअर नसतील तर खुशाल उतरून ढकलावं, त्यात लाज नाही. याच वाटेने डिसेंबर १८०३मध्ये कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने गाविलगड घेण्यासाठी अवजड तोफा डोंगरावर चढवल्या. पुढे रस्ता तयार करत जायचा आणि मागून हातांनी तोफ ओढायची, असं करत ते लोक धामणगावाहून लवाद्याच्या बाजूला पोचले. १५ डिसेंबरला किल्ला पडला. इतिहासात नाव ऑर्थर वेलस्लीचं आहे. तोफा ओढणाऱ्यांची नावं कुठे नाहीत. चढावर दम लागला की मला वेलस्ली आठवत नाही, ती माणसं आठवतात.

मोथ्याला गवळ्यांची वस्ती आहे. तिथे थांबून खवा खावा. मधुमेह असेल तर माझ्यासारखं नुसतं बघावं.

दुसरा मार्ग घटांग, सेमाडोह, हरिसाल करत धारणीला जातो. जवळजवळ शंभर किलोमीटर, सगळा मेळघाटच्या पोटातून. एका दिवसात हट्टाने करू नये. चिखलदऱ्याला मुक्काम करून सकाळी घटांगला उतरावं, तिथून सेमाडोहचा रस्ता धरावा. सेमाडोह सिपना नदीच्या काठी आहे. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. नदीला झाडाचं नाव देणाऱ्या या भाषेची नाळ मराठीशीही नाही आणि गोंडीशीही नाही. ती मुंडा कुळातली, छोटा नागपूरकडच्या संथाळी-मुंडारीची नातेवाईक. सेमाडोहच्या पुढे कोलखास लागतं. तिथे नदीच्या वळणावर तास-दोन तास बसलं तरी कुणी उठवत नाही.

दसऱ्यानंतर जानेवारीपर्यंतचा काळ सगळ्यांत चांगला. फेब्रुवारीपासून साग पान टाकतो. ती परातीएवढी वाळकी पानं उतारावर टायरखाली आली तर सायकल साबणावर चढल्यासारखी घसरते. पावसाळ्यात सागाला पांढरा मोहोर येतो, धुकं रस्त्यावर उतरतं, फार सुंदर दिसतं. पण पावसाळ्याबद्दल मी बोलतो ते जपूनच. आणखी एक. मेळघाट हा देशातल्या अगदी पहिल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी, १९७३-७४ सालचा. आतल्या वाटांवर वनखात्याला विचारल्याशिवाय सायकल घालायची नाही आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं. कोरकू वाघाला कुलामामा म्हणतात. मामा असला तरी त्याच्या घरी न सांगता जाऊ नये. शिवाय अस्वलाशी तर कुणाचंच नातं नाही.

मुलांना एवढं सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या सायकलींना डिस्क ब्रेक आहेत, सर." मी म्हटलं, बरं आहे. आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ खुर्चीतच बसून राहिलो.

१९८७ सालची गोष्ट. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. ऑगस्टमध्ये दोन सुट्ट्या जोडून आल्या तेव्हा मी आणि माझा एक मित्र अब्बांच्या दुकानातल्या भाड्याच्या काळ्या सायकली घेऊन निघालो. चिखलदऱ्याला धर्मशाळेत झोपलो आणि दुसऱ्या दिवशी घटांगवरून सेमाडोहकडे उतरायला लागलो. पाऊस सारखा. त्या सायकलींना दांड्यांचे ब्रेक असत. मूठ दाबली की दांडी वर ओढली जाते आणि रबर रिमला आतून लागतो. रिम ओली असली की रबर लागतो, पण धरत नाही. मग आपण आणखी जोराने दाबतो, आणि अर्ध्या उतारात रबराचा भुगा होतो. माझं तेच झालं. पुढचे दोन्ही रबर गेले, मागचे तर दुकानातून निघतानाच संपत आलेले होते. एका वळणावर मी सायकल मुद्दाम चरात घातली म्हणून वाचलो. गुडघा फुटला.

तेवढ्यात खालून एक कोरकू माणूस चढून आला. सायकल ढकलत होता, कॅरिअरवर धान्याचं पोतं, अंगावर युरियाच्या पिशवीची खोळ. त्याने माझं चाक फिरवून बघितलं. काही न विचारता खिशातून पाना काढला, स्वतःच्या सायकलचे पुढचे दोन्ही रबर काढले आणि माझ्या चाकाला बसवले. मी नको नको म्हणत होतो. तो म्हणाला, "मले चढाचं हाय दादा. चढाले ब्रेक काय कराचा?" मग रस्त्याकडेची एक मोडलेली फांदी दोरीने माझ्या कॅरिअरला मागे बांधली, ती ओढत गेली की सायकल वेग धरत नाही म्हणून. आतल्या एका गावाचं नाव सांगितलं आणि पोतं ढकलत निघून गेला. वर चढून झाल्यावर त्यालाही कुठेतरी उतरायचं असणार, हे मला सेमाडोहला चहा पिताना सुचलं.

घरी आल्यावर अब्बांनी सायकल बघितली. "हे रबर आपल्या दुकानातले नाहीत." मी सगळं सांगितलं. त्यांनी नव्या रबरांचे दोन जोड काढले, छर्र्यांच्या रिकाम्या डबीत ठेवले आणि म्हणाले, "तो बाजाराला येईल. तू ओळखशील."

श्रोतेहो, मी ओळखू शकलो नाही. बाजाराच्या दिवशी अब्बा मला कॉलेज बुडवून दुकानात बसवत. डोंगरातली माणसं येत, पंक्चर काढून घेत, बिडी ओढत बसत. मी एकेकाच्या तोंडाकडे बघायचो. आणि मला कळून चुकलं की त्या दिवशी मी त्याचा चेहरा पाहिलाच नव्हता. मी सगळा वेळ त्याच्या हातातल्या रबरांकडे बघत होतो. हे मी अब्बांना कधी सांगितलं नाही. "आज आला नाही," एवढंच म्हणायचो. कदाचित तो आला असेल, आणि आम्ही त्याच्याकडून हवा भरायचे पैसेही घेतले असतील.

पुढे नोकरी लागली, कविता छापून येऊ लागल्या. १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी देशभर गाजली, तेव्हा मी त्यावर एक लांब कविता लिहिली. एका संमेलनात वाचली, लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या. रात्री घरी आलो तर अब्बा अंगणात बसले होते. त्यांनी कविता ऐकून घेतली. मराठी कविता ते नेहमी मन लावून ऐकत. मग विचारलं, "रबर पोचवले का?"

२००९मध्ये अब्बा गेले. आमच्यात जनाज्याच्या वेळी मयताचा मुलगा उभा राहून सांगतो की वालिदांकडे कुणाचं काही देणं असेल तर आमच्याकडे या, आम्ही फेडू. मी तसं सांगितलं. दोघं जण नंतर येऊन हिशेब करून गेले. दुकान आवरताना छर्र्यांची डबी हाती लागली. रबर कडक झाले होते. मी नवे आणून त्यात घातले. तेव्हाही दांडीचे ब्रेक मिळायला जरा फिरावं लागलं.

त्या माणसाचं गाव आता त्या जागी नाही. मेळघाटाच्या गाभ्यातली गावं वाघासाठी बाहेर काढण्याचं काम या शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा आणि कुंड या गावांपासून सुरू झालं. पुढे आणखी गावं हलली. पुष्कळांना अकोटकडे, डोंगराच्या पायथ्याला जागा मिळाली. काही लोक खूश आहेत, कारण शाळा आणि दवाखाना जवळ आला. काही परत जंगलात गेले, त्यावरून २०१९मध्ये मोठी झटापट झाली. कुठली बाजू बरोबर हे मला दुरून ठरवता येत नाही. जुन्या नकाशावर मात्र ती नावं अजून आहेत. सायकलवाल्यांनी नकाशा बघून "इथे पाणी मिळेल" असं धरून चालू नये.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं आणि मुलाची गिअरची सायकल माझ्याकडे आली. पहिला लांबचा पल्ला मी चिखलदऱ्याचा केला नाही. परतवाडा, अंजनगाव, अकोट अशी सपाटीची वाट धरली आणि विचारत विचारत त्या लोकांच्या नव्या वस्तीत गेलो. सरळ रांगेत घरं, दारात मोटरसायकली. एका म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला, "माहा भाऊ असंन. नाई तं दुसरा कोनी. असे रबर तं सगळेच देत होते."

"तुमचा भाऊ आहे का?"

"नाई. जंगलातच गेला, आमी खाली याच्या आंदी."

मी डबी पुढे केली. त्याने एक रबर काढून नखाने दाबून बघितला, माझ्या सायकलच्या ब्रेककडे बघितलं. "हे आता कोनत्या सायकलले लागतीन?" मग डबी बंद करून त्याने ती घरात नेली, आणि आतून सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी म्हटलं, साखर नको. तो म्हणाला, "साखर हाय कुठी?"