चारचौघांतला आब

भर पंगतीत कुणाच्या हातून आमटीची वाटी कलंडली, की शेजारचे एकदम गप्पांत रंगतात. जणू कुणी पाहिलंच नाही! हे सोंग असतं, ते सगळ्यांना ठाऊकही असतं, तरी जो तो ते नेटानं वठवतो.

मूळचे कॅनडाचे समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी असल्या वागण्याचाच अभ्यास केला. १९४९ पासून काही काळ ते स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर होते. तिथल्या एका हॉटेलात स्वयंपाकघराच्या दारावरून कायम कुरबुर चाले. वाढणाऱ्या मुलींना ते उघडं हवं, ट्रे घेऊन ये-जा सोपी म्हणून. मालकांना बंद हवं, कारण आतला गावठी, ऐसपैस कारभार पाहुण्यांना दिसला तर बाहेरचा रुबाब संपलाच!

१९५५ च्या लेखात गॉफमननी दाखवलं, की आब एकट्यानं राखला जात नाही. समोरच्यालाही तो सांभाळून घ्यावा लागतो. तेव्हा मंडळी, कुणाकडून उसने पैसे परत मागायचे असतील, तर जरा बाजूला बोलावून मागा.